फणसाचा तमाकू

शिमगा सरला की कुडपण गावातली माणसं कमी होतात. मुंबईवाले आले तसे परत जातात, पालखी देवळात बसते, होळीच्या राखेत कुत्री लोळतात, आणि ज्याच्या घरात एकच माणूस उरलेलं असतं त्याला आपल्याच भांड्यांचा आवाज मोठा वाटायला लागतो. गोमाजीच्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे गोमाजी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रामा मुंबईला गिरणीत होता. तो शिमग्याला यायचा, पाच-सहा दिवस घर माणसांनी भरल्यासारखं व्हायचं आणि मग पुन्हा वर्षभर गोमाजी चुलीशी आणि बैलाशी बोलायचा. बैल निदान कान तरी हलवायचा.

त्या वर्षी रामानं येताना भेंडीबाजारातून एक पत्र्याचा डबा आणला. डब्यात काळा, ओलसर, बोटाला चिकटणारा तंबाखू होता. वास असा, की कुणाला वाटावं मिठाईच आणलीय.

"बाबा, ह्यो खमिरा हाय," रामा म्हणाला. "शेठलोक वडतात. एकदम फस्क्लास चीज. गूळ असतो ह्यात, फळांचा रस असतो."

गोमाजीकडे बापाच्या वेळची पितळी बुडाची गुडगुडी होती. जेवणानंतर दोन झुरके कडू तंबाखूचे घ्यायचे आणि ती कोनाड्यात ठेवून द्यायची, एवढाच तिचा उपयोग. त्या संध्याकाळी तिच्यात नवीन पाणी भरलं, चिलमीत रामाचा तंबाखू बसवला, वर खैराचे निखारे ठेवले आणि ओटीवर पहिला गुडगुड आवाज निघाला. पलीकडच्या घरातला एकजण वास घेत घेत आला, त्याच्या मागून दुसरा. दिवेलागणीपर्यंत ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

कुशाबाही आला. कुशाबा हा गोमाजीचा जोडीदार. दोघांकडे एकेकच बैल. नांगरणीला दोघे आपले बैल एका जुवाला जुंपायचे, आज तुझं शेत, उद्या माझं, अशी त्यांची सावड गेल्या कित्येक पावसाळ्यांची होती. सावडीमुळे दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. फक्त तंबाखूच्या बाबतीत कुशाबा चार हात लांब. कडू धूर घशाला लागला की तो ठसकून लाल व्हायचा आणि सगळी वाडी हसायची. म्हणून तो नेहमी ओटीच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला बसायचा.

"तू वडून बघ रे," गोमाजी म्हणाला. "ह्यो चावत नाय."

कुशाबानं भीत भीत नळी तोंडाला लावली. सगळे त्याच्या ठसक्याची वाट बघत होते. ठसका आला नाही. त्यानं धूर सोडला, ओठ चाटले आणि दुसरा झुरका पहिल्यापेक्षा लांब घेतला.

"ह्यो तमाकू नाय," तो म्हणाला. "ह्यो परसाद हाय."

सगळे हसले. गोमाजीला इतकं बरं वाटलं की त्यानं चिलीम पुन्हा भरली.

रामा गेला. त्याच्या मागून काही दिवसांत डबाही संपला. गोमाजीनं डब्याच्या कडा खरवडून शेवटची चिलीम केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं ओटी झाडली, घोंगडी पसरली, निखारे तयार ठेवले आणि कडू तंबाखू भरून बसला. दोघे आले. एकानं नळी तोंडाला लावून नाक मुरडलं. "डबा सरला काय?" त्यानं विचारलं आणि थोड्या वेळानं गुरं बांधायची राहिलीत म्हणून उठला. त्याची गुरं कधीच बांधून झाली होती, हे गोमाजीला समोर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. आपल्या ओटीवर येणारी माणसं आपल्यासाठी येत नव्हती, हे कुणाला कळलं तर ते फार लागतं. गोमाजीला ते लागलं. पण त्यावर रागावून बसण्याइतकी चैन त्याला परवडणारी नव्हती. त्याला माणसं हवी होती.

वैशाखात फणस पिकले. गोमाजीच्या परसात बरक्या फणसाचं झाड होतं, गिळगिळीत गऱ्यांचं. घरात खाणारं कुणी नाही, म्हणून दर वर्षी निम्मे फणस जागीच कुजायचे आणि त्यावर माश्या घोंघावायच्या. शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून दमलेला गोमाजी एका दुपारी त्या वासात बसला होता आणि त्याला एकदम रामाचा डबा आठवला. फळांचा रस असतो ह्यात, असं पोरगा म्हणाला होता.

त्यानं तंबाखूचा पाला उखळीत कुटला. गरे चाळणीवर चोळून रस काढला. घाटावरून उतरणाऱ्या वंजाऱ्याकडून घेतलेली काकवी चुलीवर आटवली आणि सगळं एकत्र मळलं. पहिलं मडकं फसलं, त्यावर बुरशी आली. दुसऱ्या वेळी काकवी जास्त घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं भाताच्या तुसात पुरून ठेवलं. काकवी ढवळायला शेजारवाडीचा सदू आला होता. सदू तरणा, लग्न झालेला, कुठं काही नवीन चाललं असेल तिथं हजर.

"तात्या, ह्यात थोडी बडीशेप टाका," तो म्हणाला.

गोमाजीनं बडीशेप टाकली. फडकं सोडलं त्या दिवशी वास खालच्या वाडीपर्यंत गेला.

मग काय विचारता. ओटी पुन्हा भरली, शिमग्यापेक्षाही जास्त. नळी वडीलधाऱ्यापासून सुरू व्हायची आणि बसल्या क्रमानं एकाकडून दुसऱ्याकडे जायची. मधल्याला वगळून नळी पुढं देणं म्हणजे त्याचा अपमान, त्यामुळे कुणी कुणाला वगळत नसे. एकेक झुरका ओढून छातीत धरून ठेवायचा, मग नाकानं सोडायचा, अशी पैजही लागायची. ज्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता तेही ओढायला लागले. म्हातारी प्रयागबाई विस्तव मागायला म्हणून यायची आणि दाराआड दोन झुरके मारून जायची.

"येवढा वडू नये रे," एकदा गोमाजीच म्हणाला. तो यजमान होता, त्याला तसं म्हणणं भाग होतं.

"ह्यात वाईट काय हाय?" कुशाबा म्हणाला. "भात झोडताना कुसाचा धुरळा छातीत जातो, तवा आपन काय खातो? गुळाचा खडा. गूळ छातीतला कचरा काढतो. ह्यात तर गूळच गूळ हाय. आनि वर पान्यातनं धुवून येतो."

हे सगळ्यांना पटलं. गोमाजीला तर फारच पटलं. झोडणीला मजुरांना गूळ द्यायची रीत आजोबा-पणजोबांपासून होती. तो गूळ खाऊन घसा मोकळा झाला नाही असा माणूस वाडीत नव्हता. मग तोच गूळ धुरातून गेला तर छाती आणखी साफ होणार, यात शंका घ्यायला जागाच कुठं होती? त्या दिवसापासून कुशाबा सकाळी न्याहारीआधीही यायला लागला. तो यायचा तेव्हा गोमाजी चहाचं आधण ठेवायचा, दोघे भिंतीला टेकून बसायचे आणि गुडगुडी मधे ठेवून काहीबाही बोलायचे. बायको गेल्यापासून गोमाजीची सकाळ इतकी सुखाची कधी गेली नव्हती.

पाऊस धरला. दोघांचे बैल एका जुवाला जुंपले गेले. आधी कुशाबाचं शेत, मग गोमाजीचं. चिखलात नांगर धरायचा तर माणसाच्या अंगात बैलाएवढी ताकद लागते आणि कुशाबाच्या अंगात ती नेहमीच होती. त्या वर्षी मात्र तो नांगराचे दोन फेरे मारले की बांधावर येऊन उभा राहायचा. तोंड उघडं, खांदे वर, मानेच्या शिरा ताठ.

"काय रे, म्हातारा झालास?" गोमाजीनं थट्टा केली.

"दम भरतोय," कुशाबा म्हणाला. "घरी गेल्यावर एक चिलीम मारतो, म्हंजी मोकळं होईल."

चिलीम मारल्यावर त्याला खरोखरच थोडं मोकळं वाटायचं. मग जास्त खोकला यायचा. खोकल्यावर पुन्हा चिलीम. लावणीला त्याची बायको ठमाबाई पुढं होऊन रोपं टाकायची आणि तो मागं मागं वाकून लावायचा, पण ओळ अर्धी झाली की त्याला गुडघ्यावर हात टेकून उभं राहावं लागायचं.  त्याची राहिलेली ओळ ती गुपचूप पुरी करायची.

श्रावणात एका उघडिपीला गोमाजी गुडगुडीची नळी साफ करायला बसला. पूर्वी बांबूची काडी घातली की कोरडी काजळी भुसभुशीत बाहेर यायची. आता काडी आतच अडकली. ओढून काढली तर तिच्यावर काळा चिकटा, फणसाच्या चिकासारखा. पाण्यानं निघेना, राखेनं निघेना. शेवटी त्यानं फणस कापताना लावतात तसं हाताला खोबरेल लावलं, तेव्हा कुठं बोटं सुटली. नळीतला चिकटा बघून गोमाजीच्या मनात फक्त एवढंच आलं, की पुढच्या वेळी काकवी जरा पातळ करायला हवी.

दिवाळी झाली आणि झोडणी सुरू झाली. कुशाबाच्या खळ्यात माणसं जमली. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होत्या, धुरळ्यानं समोरचं दिसत नव्हतं. कुशाबानं पेंढी डोक्यावर उचलली आणि ती खाली आलीच नाही, तोच खाली आला. खोकल्याची उबळ अशी, की त्याचे डोळे बाहेर येतात की काय असं वाटलं. ठमाबाईनं पदरातला गूळ त्याच्या तोंडात घातला. तो गूळ खोकल्याबरोबर बाहेर पडला, त्याच्याबरोबर काळसर बेडका आणि रक्ताची रेघ.

"भावजी, काय तरी करा हो," ठमाबाई म्हणाली.

गोमाजीनं केलं. तो धावत घरी गेला, मडक्यातला सगळ्यात मुरलेला, सगळ्यात गोड तंबाखू काढला, वर आणखी काकवीची धार सोडली आणि गुडगुडी घेऊन दोघांच्या घरांमधला पऱ्या, तो लहानसा ओढा, ओलांडून परत आला. कुशाबाचं डोकं त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि नळी त्याच्या ओठांत धरली. "हळू वड," तो म्हणत होता, "खोल जाऊ दे. समदं सुटंल." पोटच्या पोराला औषध पाजावं तसं त्यानं त्याला पाजलं. कुशाबानं ओढला. त्यानंतर त्याची शुद्ध गेली.

डोली करून त्याला पोलादपूरला उतरवलं आणि तिथून बैलगाडीनं महाडला नेलं. चवदार तळ्याच्या बाजूला एका माडीवर डॉक्टर कमलाकरांचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, पुण्यास शिकून आलेले, आणि माणसं बघून बघून थकलेले. त्यांनी कुशाबाच्या छातीला तपासायची नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली.

"काय ओढतोस?" त्यांनी विचारलं.

"काय नाय, सायब," कुशाबा आता बोलू शकत होता. "गोड तमाकू. ज्यास्ती गूळच असतो त्यात."

"गुळानं छाती साफ होते, असंच ना?"

"व्हय, सायब."

डॉक्टरांनी मान हलवली. "अरे बाबा, गूळ खाल्लास तर तो पोटात जातो. जाळलास तर त्याचा धूर होतो. कडू तंबाखू घशाला चावतो, म्हणून माणूस दोन झुरक्यांत थांबतो. गोड चावत नाही. मग थांबवणार कोण? खोल ओढायचं, धरून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ओढायचं. तंबाखू तोच, विष तेच, उलट जास्तच आत जातं. वर तुझ्या गुळाचा चिकटा."

"पान्यातनं धुवून येतो, सायब."

"पाण्यानं धूर गार होतो. गार लागला की तू आणखी खोल घेतोस." डॉक्टर हात पुसत म्हणाले, "ओढणं आजपासून बंद केलंस तर बरीच वर्षं काढशील. नाही केलंस तर पुढची लावणी तुझ्याशिवाय होईल. हा तंबाखू तुला देतो कोण?"

गोमाजी दाराशी पागोटं हातात धरून उभा होता. नळीतून निघालेला तो काळा चीक त्याला त्या क्षणी आठवला, आणि तो कुठं कुठं बसला असेल हेही त्याला कळलं. 

"मुंबैवरनं येतो, सायब," कुशाबा म्हणाला.

परतीच्या वाटेवर, गाडीत, गोमाजीनं त्याला विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"मग काय सांगू?" कुशाबा हसायला गेला आणि खोकला. "दारात उभा हाय तोच मला मारतोय म्हनून?"

त्यानं थट्टाच केली होती. पण गोमाजीनं पोलादपूर येईपर्यंत गाडीच्या बैलांवरची नजर काढली नाही.

घरी आल्या आल्या त्यानं मडकं उचललं आणि परसातल्या खड्ड्यात रिकामं केलं. गांधीलमाश्यांची चंगळ झाली. संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते, नळीत काय निघालं ते. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी म्हणालं, कुशाबाची छाती मुळातच नाजूक. कुणी म्हणालं, डॉक्टरला पैसे घ्यायचे तर काहीतरी सांगावंच लागतं. गोमाजीनं चिलमीत कडू तंबाखू भरून पुढं केला. हवा असेल त्यानं हा दोन झुरके ओढावा, त्याला वाटलं, निदान घसा तरी राखणदारी करील. नळी अर्ध्या ओटीवर फिरली आणि तिथंच थांबली.

"तात्या, तुमचा हात बिघडला," सदू म्हणाला.

त्याच आठवड्यात सदूच्या ओटीवरून गोड वास यायला लागला. फणस नव्हते तर त्यानं पिकून काळी पडलेली केळी घातली होती. घाटावर गुऱ्हाळं सुरू झाली होती, काकवीला तोटा नव्हता. बडीशेप तर त्याचीच कल्पना. गोमाजीच्या ओटीवरची माणसं एकेक करून पऱ्या ओलांडून तिकडं गेली. जाताना कुणी भांडलं नाही, कुणी निरोपही घेतला नाही. गोमाजीनं गुडगुडी धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकून दिली. स्वतःही ओढायचं सोडलं. संध्याकाळी तो दारात बसायचा आणि पलीकडच्या हसण्याचे आवाज ऐकायचा. वारा त्याच्या बाजूचा असला तर वासही यायचा. त्यानंच शिकवलेला वास, आणि त्यालाच त्याची शिसारी यायची. रात्री भाकरी थापायचा कंटाळा आला की तो तसाच झोपायचा.

कुशाबा दीड महिना अंथरुणात होता. गोमाजी रोज त्याच्याकडे जायचा. ठमाबाई अडुळशाचा काढा करायची, कुशाबा तोंड वाकडं करून प्यायचा. त्याला बरं वाटायला लागलं, चेहऱ्यावर रंग आला, तो उठून अंगणात येऊ लागला. आणि एके दिवशी गोमाजी गेला तेव्हा खाट रिकामी होती.

"सदूकडं गेलेत," ठमाबाई म्हणाली. तिच्या हातात सूप होतं, ती वर बघेना. "चार घरं तर हायत मधी. माझं आयकत नायत, भावजी."

गोमाजी अंगणातच थांबला. कुशाबा परत आला तो धापा टाकतच.

"का रे, कुशाबा?"

"का म्हंजी? समदी माणसं तिथं. मी काय भिताडाकडं बघत बसू?"

"डाक्टर काय बोलला ते इसरलास?"

"लावलास तू," कुशाबा एकदम उसळला. "तू बोललास वड, तवा वडला. आता तूच बोलतोस सोड. मी काय बैल हाय तुझा, हाकशील तसा चालायला? जा. यंदाची सावड मी सदूसंगं करनार हाय. त्याच्याकडं दोन मानसं तरी हायत घरात."

ठमाबाईच्या हातातलं सूप थांबलं. गोमाजी पऱ्या ओलांडून घरी आला. गोठ्यात बैल होता. जोडीदारावाचून एक बैल म्हणजे नुसतं वैरणीचं पोट, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण गोमाजीला त्याचं काही वाटलं नाही. रान पडीक राहिलं असतं तरी चाललं असतं. पुढची लावणी तुझ्याशिवाय होईल, हेच शब्द त्याच्या कानात होते, आणि ज्या माणसाशिवाय ती होणार होती तो गोमाजीच्याच हातानं मरायला लागला होता.

तो तीन-चार दिवस विचार करत राहिला. मग एका संध्याकाळी तोंड धुऊन, पागोटं घालून सदूच्या ओटीवर गेला.

 सदूला काय करावं सुचेना, पण दारात आलेल्या वडीलधाऱ्याला बस म्हणायला हवं. "बसा, तात्या," तो म्हणाला. गोमाजीनं ओटीवर नजर फिरवली. कुशाबा मधे बसला होता, खांबाला टेकून. गोमाजी त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला, म्हणजे नळी आधी त्याच्याकडं यावी आणि मग कुशाबाकडं. वयानं तो थोरला होता, त्यामुळे कुणाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. कुशाबानं मान फिरवली.

नळी आली. गोमाजीनं ती घेतली आणि ओढायला लागला. एक झुरका, दुसरा, तिसरा. खोल, चिलमीवरचा निखारा फुलेपर्यंत. लोक हसायला लागले.

"तात्याला चव लागली परत!"

गोमाजी थांबला नाही. दोन महिने धूर न घेतलेली छाती पेटल्यासारखी झाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, डोकं गरगरायला लागलं. वाडीची रीत होती, ओढणाऱ्याच्या तोंडातून नळी काढून घ्यायची नाही, तो देईल तेव्हाच घ्यायची. त्यानं ती दिली तेव्हा चिलमीत राख उरली होती. कुशाबानं तोंडाला लावली तर नुसतं पाणी गुडगुडलं.

दुसरी चिलीम भरली गेली. पुन्हा तेच. मग सदूच कुरकुरला, मडक्यात काय विहीर आहे का, आणि बैठक मोडली. गोमाजी अंधार पडायच्या आत पऱ्याच्या काठावर जाऊन ओकला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी कुशाबा जागा बदलून दुसऱ्या टोकाला बसला, तर गोमाजी तिथंही त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला. लोक म्हणायला लागले, म्हातारा हावरट झालाय, एकटा राहून डोकं फिरलंय त्याचं. एकानं तर तोंडावर सांगितलं, की आपल्या घरचं कडू दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या घरचं गोड आपल्याला, ही बरी रीत आहे. गोमाजीनं ते ऐकून घेतलं. त्याला आता खोकला लागला होता. रात्री तो उठून बसायचा आणि पहाटेपर्यंत छाती चोळायचा. भीती वाटायची. तरी संध्याकाळ झाली की पागोटं घालून निघायचा.

एक दिवस बैठक मोडल्यावर तो पऱ्याच्या उतारावर दगडाला धरून खोकत होता. खोकला थांबेना. तो खाली बसला. वर कुणाची तरी पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. थांबत थांबत येणारं माणूस वाडीत एकच होतं.

कुशाबा त्याच्यापासून थोडा वर उभा राहिला. दोघेही धापा टाकत होते. 

"माझ्या वाटनीचं वडतोस," शेवटी कुशाबा म्हणाला.

गोमाजीनं पाण्याकडं तोंड फिरवलं.

"मला काय कळत नाय काय? पयल्या दिशीच कळलं. बोललो, दोन दिस करंल नि थकंल." त्यानं दम घेतला. "मरशील की रे."

"मग मरन," गोमाजी म्हणाला. "मीच लावला तुला. तुझ्या तोंडात नळी मी धरली, खळ्यात. डोचकं मांडीवर घेऊन धरली. तुझ्या वाटनीचं माझ्या छातीत जाऊ दे. आनि तू गेलास तर मी हितं काय करू? कोनासंगं बोलू?" त्याचा आवाज फुटला आणि त्यानं तो लपवला नाही. रामासमोर तो कधी रडला नव्हता, बायको गेली तेव्हाही गोठ्यात जाऊन रडला होता. आता तो उघड्यावर, उतारावर बसून रडला.

कुशाबा एक पाऊल खाली उतरला.

"उद्या येऊ नको," तो म्हणाला.

"तू हायस तंवर येनार."

"मी पन येत नाय." एवढं म्हणून तो वळला आणि दर चार पावलांवर थांबत आपल्या घराकडं चढून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोमाजी पागोटं घालून पऱ्यापर्यंत गेला आणि तिथून त्यानं बघितलं. सदूच्या ओटीवर माणसं होती, धूर होता, हसणं होतं. कुशाबा नव्हता. तो चार घरं सोडून आपल्या स्वतःच्या ओटीवर बसला होता, एकटाच. ठमाबाई आत चुलीशी होती. शेजारच्या ओटीवरून कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं हात हलवून नको म्हटलं. मग तो समोर बघत बसला, जसा गोमाजी इतके दिवस बसायचा. गोमाजीच्या मनावरून काळजीचं मोठं ओझं उतरलं, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. आपण त्याला आपल्यासारखा करून टाकला, असं त्याला वाटलं. जाऊन त्याच्या शेजारी बसावं, असंही वाटलं. पण काल जे बोलून झालं होतं त्यानंतर आज लगेच काय बोलायचं, हे त्याला समजेना. आणि छातीत दुखत होतं, समोरचा चढ उभा होता. तो मागं फिरला.

घरात अंधार होता. त्यानं दिवाही लावला नाही. दाराच्या उंबऱ्यावर बसला आणि खोकला आला तसा खोकत राहिला. पऱ्याच्या पलीकडूनही खोकल्याचा आवाज आला. मग दोन्हीकडं शांत झालं.

थोड्या वेळानं पलीकडून बाईचा मोठा आवाज आला. ठमाबाई अंगणाच्या कडेला उभी राहून हाका मारत होती. कुडपणात डोंगराच्या या अंगाकडून त्या अंगाला हाक घालायची सगळ्यांनाच सवय, पण नवरा घरात असताना बाई कधी हाक घालत नसे. कुशाबाच्या छातीत तेवढा दम उरला नव्हता.

"भावजीऽऽ! ओ भावजीऽऽ!"

"काय गो, वैनीऽऽ?" गोमाजी धडपडत उठला.

"ते इचारतायत, जेवलाव कायऽऽ?"

 गोमाजीनं भिंतीला हात टेकला, घसा साफ केला आणि होती नव्हती तेवढी हवा छातीत भरून घेतली.

"जेवलोऽऽ!" त्यानं ओरडून सांगितलं, आणि चूल पेटवायला आत गेला.